कात्रीबाईचं टोपडं

कात्रीबाई फोटोग्राफर आहे, असं तिच्याकडे बघून कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. खांद्याला पिशवी असायची, पिशवीत कॅमेराही असायचा. पण ती पिशवी जुन्या जीनच्या पँटीची, घरी शिवलेली, आणि बाहेरच्या कप्प्यातून शिंप्याची लांब कात्री डोकावत असायची. म्हणून धंद्यातले लोक तिला कात्रीबाई म्हणत. तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट फोनवर तीच स्वतःची तशी ओळख करून द्यायची, म्हणजे समोरच्याची चेष्टेची हौस तिथल्या तिथे जिरायची.

राहत्या घराची रस्त्याकडची खोली हाच तिचा स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, रांगत्या मुलांचे फोटो आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारासाठी चपलांचे फोटो, यावर तिचं बरं चाललं होतं. त्या खोलीत विकत आणलेलं म्हणाल तर एक कॅमेरा आणि दोन दिवे. बाकी सगळं बाईंच्या हातचं. दिव्यांचे स्टँड कलंडू नयेत म्हणून त्यांच्या पायांवर वाळू भरलेले पायमोजे. उजेड परतवायला गाडीच्या काचेआड लावतात तो रुपेरी पडदा. एकदा तिचा नवरा अंघोळीला गेला आणि टॉवेल गुंडाळून तसाच बाहेर आला, की न्हाणीघराचा पडदा कुठे गेला? पडदा स्टुडिओत दिव्याच्या तोंडावर ताणून बसवलेला होता, समोर एक गुटगुटीत बाळ पालथं पडलं होतं आणि बाळाची आई या टॉवेलवाल्या गृहस्थाकडे आ वासून बघत होती. त्या दिवसापासून तो बिचारा अंघोळीला जाण्याआधी विचारून जायचा.

तर या बाईंचं खरं वेड म्हणजे टोपडी. फोटोच्या दिव्याचा उजेड उघडा सोडला तर माणसाचं नाक चकाकतं आणि डोळ्यांखाली खड्डे पडतात. म्हणून त्यावर कापडाची पेटी चढवतात. बाहेरून काळी, आतून रुपेरी, तोंडावर पांढरं कापड. उजेड त्यातून गाळून येतो आणि मऊ पडतो. दुकानात तिला सॉफ्टबॉक्स म्हणतात आणि किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. कात्रीबाई तिला दिव्याचं टोपडं म्हणायची. कापड, अस्तर आणि चार तारा, याला कसली एवढी किंमत, असं म्हणायची आणि घरी शिवायची. शिवणाचा हात आईचा घेतलेला. टोपडं असं बसायचं की दिव्यालाही आपण दुकानातून आलो असं वाटावं.

लोक म्हणायचे, ही चोरी आहे. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. मी विकत नाही, मी माझ्यापुरतं करते, आणि मी कुणाचं नाव लावत नाही. या तिसऱ्या गोष्टीवर तिचा फार भर होता. बाजारात खोटी लेबलं लावून माल खपवणारे होतेच, आणि त्यांचं नाव काढलं तरी बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नक्कल करावी आणि नक्कल म्हणून मिरवावी, त्यात लाज कसली. पण दुसऱ्याचं नाव आपल्या शिवणीवर टाचायचं म्हणजे दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून सांगण्यातला प्रकार, असं तिचं म्हणणं. तिच्या एकाही टोपड्यावर चिंधीएवढंसुद्धा लेबल नव्हतं.

हे वाद ती ज्यांच्याशी घालायची ते भिंगकाका. बाजारपेठेतल्या जुन्या गल्लीत त्यांचं फोटोच्या सामानाचं दुकान होतं. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, म्हणून भिंगकाका. माणूस मऊ, पण मालाच्या बाबतीत कडक. खोका उघडून वस्तूवरून हात फिरवला की अस्सल की बनावट ते डोळे मिटून सांगायचे, आणि बनावट असली तर आणणाऱ्या दलालाला पायरीसुद्धा चढू द्यायचे नाहीत. त्यांच्याकडून घेतलेल्या वस्तूची खात्री कुणी करत बसत नसे. काकांकडून आणलीय म्हटलं की विषय संपला.

कात्रीबाई त्यांच्याकडे जायची ती माल बघायला, घ्यायला क्वचितच. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते नवं टोपडं तिच्या हातात द्यायचे. एकच अट होती, मोजपट्टी काढायची नाही. हाताच्या जेवढं लक्षात राहील तेवढं तुझं, असं ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं होतं की कुणीतरी कुठेतरी बसून दहा अस्तरं फाडली असतील, तेव्हा हे अकरावं सापडलं. त्याचं काही देणं नको, पण त्याच्या कष्टातले निदान थोडे तरी आपण करावेत. बघून, आठवून, चुकत चुकत शिवलंस तर ते तुझं शिकणं झालं. मोजून गिरवून काढलंस तर ती लूट. कात्रीबाई हसायची, वीत लावून बघायची आणि घरी जाऊन चुकत चुकत शिवायची. त्यात मजा होती हे तिला मनातून कबूल होतं.

आता तिचा दादा. तोही फोटोग्राफर, पण याच्या त्याच्या लग्नात ड्रोन उडवणारा. सगळं सामान नामांकित कंपनीचं, खोकीसुद्धा जपून ठेवलेली. बहिणीच्या स्टुडिओत आला की नाकाला रुमाल लावल्यासारखं तोंड करायचा आणि म्हणायचा, तुझ्या इथे भांडी दिसत नाहीत एवढंच, बाकी सगळं स्वयंपाकघरच आहे. त्याच्याकडे काकांच्या दुकानातून घेतलेलं एक अष्टकोनी टोपडं होतं. त्याचा उजेड मात्र खरंच वेगळा होता. कात्रीबाईनं आठ-दहा वेळा हाताळलं, वीत लावली, घरी येऊन शिवलं, पण तो उजेड काही येईना. कडांना काळोख राहायचा. तिचा जीव त्यावर टांगून राहिला होता.

एकदा दादा-वहिनी फिरायला परगावी गेले आणि जाताना सगळं सामान जपायला म्हणून हिच्याकडे ठेवून गेले. जपायला! दोन दिवस ती त्या टोपड्याच्या आजूबाजूला घोटाळली. तिसऱ्या दिवशी तिनं कात्री काढली आणि दादाच्या टोपड्याची शिवण उसवली. नुसती एक शिवण नव्हे, सगळंच. आठही कळ्या सुट्या केल्या, कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आणि तस्साच दुसरा जोड कापला. कापड ती आधीच त्याच्याशी पडताळून आणून बसली होती. मग दोन्ही एकाच बैठकीत शिवून काढली. भावाला न विचारता केलं आणि काकांची अट मोडून केलं, ही रुखरुख होती. पण दिवा लावला आणि कडांचा काळोख गेला, तशी रुखरुखही गेली. दादा परत आला, आपलं टोपडं घेऊन गेला. त्याला काही कळलं नाही. कळणार कसं, एकेक टाका मोजून घातला होता.

त्यानंतर कितीतरी लग्नं झाली आणि मोडलीसुद्धा. दादा त्या टोपड्याचे गुण गात राहिला. नव्या पोरांना शिकवायला बोलावलं की ते सोबत न्यायचा आणि म्हणायचा की अस्सल ते अस्सल, घरगुती चिंध्या जोडून हा उजेड येत असता तर माझी बहीण आज माझ्या पुढे असती. पोरं हसायची. कात्रीबाईसुद्धा हसायची, कारण घरी तिच्याकडे तसाच उजेड होता.

मग एका दिवशी दादाच्या टोपड्याचा कोपरा फाटला आणि तार बाहेर आली. हमी लांब मुदतीची होती, ती अजून संपली नव्हती. दादानं ते काकांच्या दुकानात नेऊन टाकलं, बदलून द्या म्हणाला. काकांनी कंपनीला कळवलं. कंपनीचा माणूस नेमका त्या आठवड्यात फिरतीवर होता, तोच आला. त्या दिवशी कात्रीबाईही दुकानात होती, फोटोत मागे लावायच्या पडद्याचा कागद घ्यायला म्हणून. ही पुढची गोष्ट तिनं तिथे उभं राहून डोळ्यांनी पाहिली.

माणूस अगदी नम्र होता. टोपडं हातात घेतलं, लेबल बघितलं, मान डोलावली. मग खिशातून पेनाएवढा जांभळा दिवा काढला, नोटा तपासायला असतो तसा, आणि पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यावर धरला. इकडे धरला, तिकडे धरला. मग शोकेसमधलं नवं टोपडं मागून घेतलं आणि त्यावर धरला. तिथे लख्ख हिरवा छाप उमटला, एरवी डोळ्यांना न दिसणारा. दादाच्या टोपड्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. माणसानं दिवा खिशात ठेवला आणि हलक्या आवाजात सांगितलं की हा आमचा माल नाही, लेबल आमचं आहे, पण माल बनावट आहे.

दुकानात एवढी शांतता झाली की बाहेरच्या सायकलची घंटा आत वाजल्यासारखी वाटली.  दादाचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. इतकी वर्षं ज्याच्या नावानं पोरांना शिकवलं ते खोटं? तो काकांवर असा काही तुटून पडला की विचारू नका. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत म्हणाला की विश्वासाच्या नावाखाली तुम्ही आम्हाला लुटलंत.  काकांनी टोपडं जवळ घेतलं, भिंग लावलं, कापडावरून बोटं फिरवली, परत फिरवली. बोटांना काही खोट लागत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त भयंकर वाटत होतं हे कात्रीबाईला समोर दिसत होतं.

आणि ती काय म्हणाली माहीत आहे? चांगल्या मनानं म्हणाली, त्यांना सावरायला म्हणून.

"काका, एखादं चुकून आलं असेल हो तुमच्या हातून. होतं असं."

काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मान हलवली आणि कंपनीच्या माणसाला म्हणाले की हो, माझ्याच हातून आलं असणार, दुसरीकडून यायला वाटच नाही. त्यांनी दादाची माफी मागितली. दादाला नवं टोपडं स्वतःच्या पदरचं दिलं. काकांकडे असलेली कंपनीची एजन्सी त्याच महिन्यात गेली.

निघताना दादानं ते फाटकं टोपडं बहिणीच्या अंगावर टाकलं. घे, तुझ्याच जातकुळीतलं निघालं, शीव आणि वापर. कात्रीबाई ते घेऊन घरी आली. टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती खिडकीशी बसली, फाटलेला कोपरा उलटा केला आणि तारेची खोळ बघायला लागली. खोळीचा आतला टाका काळ्या दोऱ्याचा होता, आणि शेवटची दोन बोटं गर्द निळ्या दोऱ्याची.

तिचा हात जागच्या जागी थांबला. दोन्ही टोपडी शिवली त्या दिवशी काळा दोरा संपला होता. रीळ बदलायचं म्हणून ती उठली होती आणि काळं रीळ सापडलं नाही म्हणून निळंच ओवलं होतं, आत आहे, कुणाला दिसतंय, असं म्हणून. ते तिनं केलं होतं ते स्वतःच्या टोपड्यात. दादाच्या टोपड्यात तिनं निळा दोरा घातलेला नव्हता. दादाच्या टोपड्यात ती घालूच शकली नसती.

 ती उठली, स्टुडिओतलं आपलं बिनलेबलाचं टोपडं स्टँडवरून उतरवलं आणि तडक नणंदेकडे गेली. नणंद शेजारच्या गल्लीत ब्युटी पार्लर चालवायची. नखांचं पॉलिश वाळवायचा जांभळा दिवा तिच्याकडे होता. वन्सं, जरा दिवा लावता का, एवढंच ती म्हणाली. वन्संनी एका बाईची बोटं बाजूला करून दिवा लावून दिला. कात्रीबाईनं आपल्या टोपड्याचा कोपरा त्याखाली सरकवला आणि लख्ख हिरवा छाप उमटला.

वन्सं म्हणाल्या, अगंबाई, छान दिसतंय की गं, कुठून आणलंस? कात्रीबाई तिथेच खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर. पॉलिशवाली बाई घाबरून पाणी आणायला धावली.

सगळं आठवायला तिला वेळ लागला नाही. दोन्ही टोपडी टेबलावर शेजारी शेजारी होती, उसवलेलं लेबल बशीत ठेवलेलं होतं. एवढ्यात कुणीतरी पासपोर्टच्या फोटोला आलं. ती फोटो काढून परत आली, बसली, लेबल उचललं आणि समोर होतं त्यावर शिवलं. बस. भावाला तिनं आपलं टोपडं दिलं आणि अस्सल स्वतःकडे ठेवलं. ज्या बाईनं जन्मात कुणाचं नाव लावलं नाही तिनं स्वतःच्या हातानं, बारीक टाक्यांनी, कंपनीचं नाव स्वतःच्या शिवणीवर लावलं होतं. बाजारात ज्यांच्या नावानं ती बोटं मोडायची, त्यांच्या रांगेत ती पहिली जाऊन बसली होती, आणि कुणी तिला ढकललं नव्हतं. तिला स्वतःची शिसारी आली. आणि काका! काकांना तिनं काय म्हटलं होतं, की चुकून आलं असेल तुमच्या हातून.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की आता बोलून काय उपयोग. एजन्सी गेली ती गेली. उलट तू बनावट माल करतेस असा बोभाटा होईल, फोटोग्राफरांच्या मंडळातून काढतील, पासपोर्टवालेसुद्धा यायचे बंद होतील. तो वाईट माणूस नव्हता, घरापुरतं बघत होता. तिनं ऐकलं आणि आठ-पंधरा दिवस गप्प राहिली. त्या दिवसांत जेवणात लक्ष नाही, कामात नाही. एका बाळाचे फोटो काढले त्यात बाळाचे कानच नाहीत.

पण काकांच्या बातम्या यायच्या थांबेनात. काका म्हणे आता कुठल्याच मालाची खात्री देत नाहीत. लेन्स मागितली की खोका पुढे करून म्हणतात, तुम्हीच बघून घ्या, मला कळत नाही. एका गिऱ्हाइकाला तर त्यांनी दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. दुकान विकायला काढलंय असंही कुणी म्हणालं. एजन्सी गेली तर दुसरी येते. पण स्वतःच्या हातावरून विश्वास उडालेला माणूस दुकानात बसून करणार काय? आणि तो विश्वास कंपनीनं उडवला नव्हता. तिनं उडवला होता.

ती आधी दादाकडे गेली, कारण वस्तू त्याची. सगळं सांगितलं, निळा दोरा दाखवला.  तो त्या दोऱ्याकडे बघत राहिला, मग भिंतीवरच्या आपल्या गाजलेल्या फोटोंकडे, ते सगळे त्याच उजेडातले. मग म्हणाला, हे शक्य नाही. मग म्हणाला, म्हणजे हे सगळं तुझ्या टोपड्यात काढलं मी? ती रागावण्याची वाट बघत होती, तर हा खुर्चीत मटकन बसला आणि म्हणाला की चारचौघांत काकांना नको नको ते बोललो, आता कुठल्या तोंडानं जाऊ. आणि गेला नाहीच. मोठ्या माणसांचं हे असं असतं, बोलायला पुढे आणि निस्तरायला धाकटी बहीण.

कात्रीबाई एकटी गेली. दोन्ही टोपडी एका पिशवीत घातली. जाताना निळा दोरा उसवून खोळ काळ्या दोऱ्यानं शिवली, फाटलेला कोपरा सांधला आणि खोट्यावरचं लेबल काढून खऱ्यावर टाचलं, एका दिवसापुरतं का होईना, ते त्याच्या जागी असावं म्हणून. पण वाटेत तिला वाटलं की असं नटवून नेणं म्हणजे परत चलाखीच. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं लेबल पुन्हा काढलं आणि मुठीत धरलं.

दुकानात दिवे अर्धेच लावलेले होते. शोकेसमध्ये धूळ, जी तिथे कधी बसत नसे. काका गल्ल्याशी बसून होते. या पोरी म्हणाले, पण नवीन काही दाखवायला उठले नाहीत. तिनं पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मोजपट्टी सोडा, कात्री लावल्याचं सांगितलं. लेबलाचं सांगितलं. त्या दिवशी तुम्हाला तसं म्हणाले, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, हेही सांगितलं. मूठ उघडून लेबल त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

काका लेबलाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर राग यायच्या ऐवजी भलतंच काही आलं.

"म्हणजे मी दिलं ते अस्सल होतं?" त्यांनी विचारलं.

हो म्हणाली ती. त्यांनी परत विचारलं आणि तिनं परत हो म्हटलं. म्हातारा ताडकन उठला. दुकानातले सगळे दिवे लावले. इतके दिवस मला वाटत होतं माझे हात गेले, असं स्वतःशीच बोलत गल्ल्याच्या बाहेर आला. तिच्यावर चिडायचं तर त्याच्या डोक्यातच आलं नाही. अस्सल टोपडं कंपनीला पाठवायचं, सोबत तिनं खरं काय ते कळवायचं, एजन्सी नाही आली तरी नाव तर धुऊन निघेल, असं सगळं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. कात्रीबाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. तिचं नाव जाईल तर जाईल. ती त्यासाठीच आली होती.

मग काका म्हणाले, थांब, मला सांगू नकोस कुठलं कुठलं ते. त्यांनी पिशवीतून दोन्ही टोपडी काढून गल्ल्यावर मांडली, भिंग बाजूला सारलं आणि डोळे मिटले. एकावरून हात फिरवला, कापड अंगठ्याखाली चुरून बघितलं, शिवणीवरून नख ओढलं. मग दुसऱ्यावरून. मग पुन्हा पहिल्यावरून. त्यांचा चेहरा निवत गेला. इतक्या दिवसांचं ओझं खाली ठेवल्यासारखे खांदे सैल झाले.

"हे," ते म्हणाले. डोळे उघडले आणि हसले. "सांगतो ना तुला. अस्सल कापडाला एक वजन असतं."

त्यांचा हात तिच्या टोपड्यावर होता.

 कात्रीबाईला वाटलं होतं की आता जे काही व्हायचं ते तिचं होईल. हे तिच्या कल्पनेतही नव्हतं. काका तर शीळ घालत होते. मागून पुठ्ठ्याचा खोका आणला, त्यात ते टोपडं घडी करून ठेवलं, तिनं आणलेलं लेबल त्यावर ठेवलं आणि सुतळी शोधायला लागले. आजच जाऊ दे पार्सल, म्हणाले.  क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं की जाऊ दे. हसताहेत तर हसू दे. पण खोका कंपनीत उघडणार, तो माणूस खिशातून दिवा काढणार, आणि काका दुसऱ्यांदा खोटे ठरणार, ते या खेपेला स्वतःच्या हातानं निवडलेल्या वस्तूवरून. त्यातून ते उठले नसते.

"काका, ते माझं आहे."

त्यांना आधी ऐकूच गेलं नाही, की ऐकायचं नव्हतं. ती परत म्हणाली. काकांनी सुतळी खाली ठेवली. गल्ल्याच्या खणातून नोटा तपासायचा दिवा काढला. तो प्रकार झाल्यापासून त्यांनी तो आणून ठेवला होता. खोक्यातल्या टोपड्यावर धरला. काही नाही. उरलेल्यावर धरला आणि हिरवा छाप लख्ख उमटला. त्यांनी दिवा बंद केला, पुन्हा लावला आणि पुन्हा तेच दिसलं. मग ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिले.

"एवढं हुबेहूब कशाला केलंस गं?"

आयुष्यभर तिनं याच शब्दांची वाट पाहिली होती. दादानं कधी म्हटलं नाही, गिऱ्हाइकांना कळलं नाही, काकांनी म्हणावं म्हणून तर ती दर खेपेला नवं टोपडं दाखवायला आणायची. आणि आज त्यांनी म्हटलं ते असं, खाली मान घालून.  तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलंही नाही.

काकांनी खोका तिच्याकडे सरकवला, सुतळी त्यावर ठेवली.

"पार्सल तूच भर," ते म्हणाले. "माझ्या हातून परत चुकीचं जायचं."

तिनं आपलं टोपडं बाहेर काढलं, दुसरं आत ठेवलं, लेबल त्याच्यासोबत टाकलं आणि सुतळी बांधायला घेतली. काका बघत होते. गाठ मारताना तिनं वर पाहिलं तेव्हा त्यांनी नजर फिरवली आणि दुकानातले दिवे एकेक करून बंद करायला सुरुवात केली.